लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर

बॅटरी जास्त टिकावी म्हणून ती काढून ठेवायची घाई करू नका. बॅटरी नसताना वीज गेली की सेव्ह न केलेलं काम गेलंच समजा. त्यापेक्षा सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ती सोय असते. लिथियम-आयन बॅटरीला सतत १०० टक्के भरलेलं राहणं मानवत नाही, त्यात उष्णता म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गादीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम करणं आधी बंद करा.

काढायचीच असेल तर निम्मी चार्ज करून कोरड्या, थंड जागी ठेवा. दोन-तीन महिन्यांनी तपासत जा. माझी एक कपाटात विसरली, पार शून्यावर गेली, पुन्हा उठलीच नाही. आणि हो, टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर बॅटरी फुगलीय. चार्जर लगेच काढा, टचपॅड दाबून बसवू नका.