भाचीला काय म्हणू?

प्रश्न : माझ्या भावाचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीत घरी आल्यावर म्हणाला, "आत्या, मी मुलगी आहे." नवं नावही सांगितलं. भाऊ-वहिनी आता बऱ्यापैकी सावरलेत. मी पूर्वी एड्स जनजागृतीच्या कामात होतो, तिथं 'तृतीयपंथी' म्हणायला शिकवलं होतं. प्रेमानं तेच बोलून गेलो, तर ती चिडली. 'ट्रान्स स्त्री' म्हण म्हणाली. आमच्या दारात यल्लम्मादेवीचा जग (डोईवरच्या टोपलीतली देवी) घेऊन येणारे, देवीला वाहिलेले लोक मात्र अभिमानानं 'आम्ही जोगते' म्हणतात. शब्द सारखे बदलत असतील तर माझ्यासारखीनं काय म्हणायचं? तोंडात अजून 'आला-गेला'च बसलंय. पाहुण्यांना काय सांगू?
— एक आत्या, मंगळवार पेठ, कोल्हापूर

आत्या, तुम्हाला शिकवलेला शब्द वाईट नव्हता. गल्लीत जे ओरडलं जायचं त्याच्या जागी तो मान देणारा म्हणून आला आणि आजही कित्येकजणी तो स्वतःसाठी वापरतात. पण त्यात 'तिसरा' आहे आणि तुमची भाची म्हणते, मी स्त्री आहे. तिला ते टोचलं असणार.

शब्द बदलत राहिले, कारण बराच काळ ही नावं दुसऱ्यांनीच ठेवली. 1871 च्या ब्रिटिश कायद्यानं या लोकांची पोलिसांकडे यादी ठेवायला लावली. डॉक्टरांनी मनोविकारांत नोंद केली; जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणानं ती तिथून काढली आणि ते लागू झालं 1 जानेवारी 2022 ला, म्हणजे अगदी काल-परवा. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं 'तृतीय लिंग' मान्य केलं आणि आपण पुरुष, स्त्री की तृतीय लिंगी हे ज्याचं त्यानं ठरवावं असंही सांगितलं. हा दुसरा भाग तुमच्या प्रशिक्षणानंतरचा असावा. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्याचं हिंदी नाव वाचलंत तर आणखी गोंधळाल. तिथं 'उभयलिंगी' आहे, जो शब्द आपल्याकडे स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असणाऱ्यांसाठी वापरतात. सरकारी भाषांतरकारांपुढं कोण बोलणार!

तेव्हा सगळ्यांना चालेल असा एक शब्द शोधू नका. दारातल्या जोगत्याला 'ट्रान्सजेंडर म्हणा' असं शिकवायलाही जाऊ नका. त्याच्या शब्दात यल्लम्मा आहे, गुरू आहे, डोईवरचा जग आहे, सौंदत्तीची यात्रा आहे. सगळेच जोगते स्वतःला स्त्री किंवा ट्रान्स म्हणवत नाहीत. उलट, 'आपल्याकडं जोगते पूर्वीपासून आहेतच की' अशी भाचीची समजूतही काढू नका. तुम्हाला त्यानं धीर येईल, पण तिनं काही देवीचं दर्शन, म्हणजे जोगत्यांची मण्यांची माळ, बांधून घेतलेलं नाही. ती नोकरी करणारी मुलगी आहे.

खरी कसोटी क्रियापदांची. 'ट्रान्स' हा शब्द तिच्यासमोर वर्षातून कितीदा तोंडी येणार? 'जेवलास का' मात्र रोज येणार. आपल्या मराठीत लिंग क्रियापदाला चिकटून येतं, पळवाट नाही. 'जेवलीस का, कधी आलीस' हे आतापासूनच सुरू करा, ती समोर नसतानाही. पाठीमागं 'तो' म्हणत राहिलात तर समोर जीभ अडखळणारच. चुकलात तर लगेच सुधारा आणि पुढं बोला. लांबलचक माफी मागितलीत की तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

एक कोल्हापुरी भानगड मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या बायका सर्रास 'मी आलो, मी जातो' म्हणतात. तुम्हीच पत्रात 'कामात होतो' लिहिलंय. त्यामुळं ती घरी आल्यावर 'आत्या, आलो गं' म्हणाली तर "बघा, अजून मुलगाच आहे" असा निष्कर्ष कुणी काढू नये. पुण्यात कदाचित ती 'आले' म्हणत असेल. स्वतःबद्दल कसं बोलायचं ते तिचं ती बघेल.

जुने फोटो, बारशाच्या आठवणी यांचं काय करायचं तेही तिलाच विचारा. काहींना ते भिंतीवर हवे असतात, काहींना नको.

पाहुण्यांना "ही माझी भाची" आणि तिचं नाव, एवढं पुरे. पुढचं 'ट्रान्स' वगैरे सांगायची गरजच नाही. पण त्याआधी तिला फोन करून विचारा, कुणाकुणाला कळलेलं चालेल. काही नातलगांना तिला स्वतः सांगायचं असेल, काहींना इतक्यात नसेलही. आणि पेठेत एकीला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कुठवर पोहोचतं, हे तुम्हाला मी काय सांगू?