इंजिनाचं राहू दे, आधी पेट्रोलची नळी बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तू घरी बांधतोयस त्या विमानाचे फोटो पाहिले. पंखांचं काम सुबक झालंय. पण पत्रात सगळं हॉर्सपॉवरबद्दल, आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीबद्दल चकार शब्द नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने 2012 साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं, ही दोन कारणं सगळ्यांत वर होती. त्यातले बरेच अपघात विमान नवं असतानाचे. एवढ्यात पिस्टन झिजत नाही रे! आपणच जोडलेलं कुठंतरी चुकलेलं असतं.

तेव्हा एक कर. विमान चढताना नाक जेवढं उचलेल त्याहून थोडं जास्त उचलून टेकू लाव. टाकीत तळाशी थोडंच पेट्रोल ठेव, कार्बोरेटरकडची नळी सोडव आणि धार मापात धर. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ताशी 24 लिटर पीत असेल, तर पेट्रोल वरून आपसूक उतरत असल्यास दीडपट, म्हणजे मिनिटाला 600 मिली पडलं पाहिजे. पंप असेल तर सवापट, 500. टाकीचं झाकण लावूनच हे कर. हवेचं भोक बुजलेलं असेल तर धार हळूहळू बारीक होत जाते. कुंभारमाशी ते भोक कधी लिंपून टाकते, कळतही नाही.

फोटोत जोडावर सिलिकॉन दिसतंय, ते आजच खरवडून काढ. पेट्रोलने ते फुगतं, तुकडा सुटतो आणि जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. शिवाय पेट्रोलपंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. आपल्या साखर कारखान्यांचं भलं झालं, पण साधी रबरी नळी त्याने खराब होते. सायलेन्सरजवळून तर नळी नेऊच नकोस, उन्हाळ्यात आत वाफ धरते.

डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याच्या, परवानग्यांचं तू बघशीलच. पण चढतानाच इंजिन बंद पडलं तर काय, हे आत्ताच ठरव. नाक लगेच खाली, वेग राखायचा, उतरायचं समोरच. धावपट्टीकडे वळायचा मोह जीवावर बेततो: 45 अंश तिरपं केलं की स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो, सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढा वेग त्या वेळी तुझ्याकडे नसतो.

समोरचं रान मोटारसायकलवरून फिरून बघ. द्राक्षबाग वरून सपाट हिरवी दिसते, खाली नुसते अँगल आणि तारा. उभ्या उसात उतरलास तर शोधायला आलेल्यांना विमान दिसायचं नाही. ज्वारी काढलेलं रान उत्तम. सऱ्या असतील तर सरीच्या दिशेनेच टेकव, आडवं नाही. विहिरीकडे जाणारे विजेचे खांब मोजून ठेव, कारण वरून तार दिसत नाही, खांबच दिसतो. आणि गाळप सुरू झालं की पुन्हा एक फेरी मार, तोवर निम्मी रानं बदललेली असतात.

मापात किती पडलं ते कळव. कमी पडलं तरी आकडा खराच लिही.

तुझा,
काका