नळ एक, माणसं अनेक : तंबूतल्या मुक्कामाबद्दल तुमचे प्रश्न

*मोठ्या ग्रुपने दोन दिवस तंबूत राहायचं आणि बाथरूम, नळ, स्वयंपाकाची जागा इतरांबरोबर वापरायची, या विषयावर तुमची बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते आहे.*

ताई, आम्ही १४ जण आहोत, त्यात चार मुलं. दोन रात्रींचा कॅम्प आहे. तिथे स्वच्छतागृहं आहेत आणि ओटा-सिंक असलेली शेडही आहे, पण ती उतरलेल्या सगळ्या ग्रुपांना मिळून. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी रोज वाढते आहे. चार जण शेगडी आणतायत आणि काडेपेटी कुणाच्याच नावावर नाही. सुरुवात कुठून करू?

यादी बाजूला ठेवा आणि आधी त्या जागेवर फोन लावा. ‘सगळी सोय आहे’ एवढ्यावर फोन ठेवू नका. एकेक गोष्ट विचारा. संडास-बाथरूमला दिवसभर पाणी असतं की ठरावीक वेळी? साबण आणि टॉयलेट पेपर ते ठेवतात का? नळाचं पाणी थेट पिता येतं का? शेडमध्ये शेगडी आहे की नुसता ओटा? फ्रिज आहे का? तंबूपासून स्वच्छतागृह किती लांब, आणि वाटेवर रात्री दिवा असतो का? गाडी तंबूपर्यंत जाते का? कचरा तिथे टाकायचा की परत न्यायचा? रात्री किती वाजल्यानंतर शांतता पाळायची? या उत्तरांनीच तुमची निम्मी यादी ठरेल, आणि बरंचसं ओझं कमीही होईल.

मग सामानाचे तीन भाग करा : ज्याचं त्याचं, एकेका तंबूचं आणि सगळ्यांचं. पहिल्या दोन भागांत फारसा घोटाळा होत नाही. माणूस स्वतःचा टूथब्रश विसरला तर स्वतःच निस्तरतो. घोटाळा होतो तो तिसऱ्या भागात, कारण सगळ्यांचं काम ते कुणाचंच नसतं. म्हणून तिथल्या प्रत्येक वस्तूसमोर एकाच माणसाचं नाव लिहा. ‘आम्ही आणू’ असं चालणार नाही, नाव हवं. काडेपेटी, भांडी घासायचा साबण, घासण्या, कचऱ्याच्या जाड पिशव्या, कात्री, सुरी, झाकणाची बादली, प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचे कॅन, दोरी, चिमटे ही सगळी मंडळी हमखास राहून जातात. त्याच यादीखाली ‘हे आणू नका’ असाही एक रकाना करा. चार शेगड्या कशाला? चांगल्या दोन पुरतात. मात्र सिलिंडर आणि शेगडी एकमेकांना बसतात का, हे निघण्याआधी जोडून, पेटवून बघा. गॅसच्या छोट्या डब्यावर थेट बसणारी छोटी शेगडी असेल तर तिच्यावर मोठं पातेलं ठेवू नका. पातेल्याची धग खाली डब्यावर येते, डबा तापतो आणि ते धोक्याचं आहे. १४ जणांच्या स्वयंपाकाला रुंद बैठकीची, सिलिंडर लांब ठेवता येणारी शेगडी हवी.

आता भांडी, कारण सामायिक सिंकपाशीच सगळ्यात जास्त कुरबूर होते. सिंक अडवून बसू नका, तीन टब न्या. खरकटं आधी कचऱ्याच्या पिशवीत निपटून काढायचं, मग पहिल्या टबात गरम साबणपाण्यात घासायचं, दुसऱ्यात स्वच्छ पाण्यात विसळायचं. तिसऱ्या टबात चार लिटर पाण्याला १५ मिलिलिटर, म्हणजे एक मोठा चमचा, साधं बिनवासाचं घरगुती ब्लीच घाला, भांडी मिनिटभर त्यात बुडवून ठेवा आणि बाहेर काढून वाऱ्यावर निथळू द्या. फडक्याने पुसू नका. १४ ताटांवरून एकच ओलं फडकं फिरलं की धुतल्याचा उपयोग राहत नाही. जाळीची पिशवी टांगली की त्यात भांडी उत्तम सुकतात. ताट, वाटी, मग, चमचा प्रत्येकाने आपापलं आणायचं, त्यावर नाव घालायचं आणि आपापलं धुवायचं. मोठी भांडी ज्यांची पाळी असेल त्यांनी.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. हवा ३२ अंशांच्या वर गेली तर एकाच तासाची मुदत धरा. बर्फाच्या पेटीत बर्फाचे खडे घालण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. त्या हळू वितळतात आणि वितळल्यावर प्यायला पाणी मिळतं. पेयांसाठी पेटी वेगळी हवी, कारण ती दर पाच मिनिटांनी कुणीतरी उघडतं.

माझी पाळी नेमकी त्याच दिवसांत आहे. स्वच्छतागृह तंबूपासून लांब, पुरुषमंडळी बरोबर, रात्रीचं उठायचं तर कसंतरीच वाटतं. पाणी कमी पिऊन दोन दिवस काढावेत असा विचार आहे. की जाऊच नको?

जरूर जा, आणि पाणी मुळीच कमी करू नका. दिवसभर चालून, उन्हात फिरून पाणी तोडलं की डोकं दुखतं, गळल्यासारखं होतं, आणि लघवी धरून ठेवण्याने जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. तुमची अडचण खरी आहे, पण ती तयारीने सुटणारी आहे.

आकड्याला अडकवता येईल अशी एक पिशवी घ्या. सामायिक बाथरूममध्ये कोरडी जागा मिळेलच असं नाही आणि दारामागे खिळा असेलच याची खात्री नाही, म्हणून स्वतःचा एक एस आकाराचा आकडा बरोबर ठेवा. तो दाराच्या वरच्या कडेवरही बसतो. पिशवीत कपडे घालायच्या क्रमाने भरा, आधी लागणारे वर. पायात रबरी चप्पल असू द्या, ती अंघोळ करतानाही काढायची नाही. पॅड वापरत असाल तर कागद आणि आतलं दिसणार नाही अशा चेनच्या छोट्या पिशव्या ठेवा. वापरलेलं पॅड संडासात कधीही टाकायचं नाही. सामायिक संडास एकदा तुंबला की सगळ्या मुक्कामाची गैरसोय होते. मासिक पाळीचा कप वापरत असाल तर पाण्याची छोटी बाटली आत घेऊन जा, म्हणजे बेसिनपाशी सगळ्यांसमोर जावं लागणार नाही.

रात्रीसाठी डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, हात मोकळे राहतात. तिला लाल उजेड असेल तर तोच लावा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या झोताने तो सराव क्षणात मोडतो. लाल उजेडात तो बराचसा टिकतो, शिवाय तंबूत झोपलेल्यांच्या तोंडावर झोत जात नाही. ग्रुपमधल्या एका बाईला आधीच सांगून ठेवा, ‘रात्री मी हाक मारली तर बरोबर ये.’ बहुतेक वेळा तिलाही हेच हवं असतं, विचारायचं कुणी एवढाच प्रश्न असतो.

अंघोळीची रांग सकाळी असते. तुम्ही दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी जेवणाआधी उरका. त्या वेळी बाथरूम मोकळं असतं आणि घाई नसते.

हात धुण्याऐवजी सगळ्यांना एकेक सॅनिटायझर दिलं तर भागेल ना?

नाही. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, आणि सामायिक संडास-स्वयंपाकघर असलेल्या ठिकाणी तो झपाट्याने पसरतो. साबण आणि पाणी, वीस सेकंद, नखांच्या कडांसकट. शेडजवळ नळ नसेल तर तोटी असलेला पाण्याचा कॅन उंचावर ठेवा आणि साबण जुन्या मोज्यात घालून शेजारी टांगा. कुणाला उलट्या किंवा जुलाब झालेच, तर ते थांबल्यावरही ४८ तास त्या माणसाने स्वयंपाकाला हात लावायचा नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

स्लीपिंग बॅगवर ‘५ अंश’ लिहिलं होतं. रात्री हवा १० अंशांच्या आसपास होती, तरी मी कुडकुडलो. बॅग फसवी आहे का?

बॅगवर कोणता आकडा होता ते बघा. प्रमाणित लेबलवर निदान दोन आकडे असतात : ‘कम्फर्ट’, म्हणजे ज्या तापमानाला सर्वसाधारण स्त्री आरामात झोपू शकते ते, आणि ‘लोअर लिमिट’, म्हणजे ज्या तापमानाला सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. ‘एक्स्ट्रीम’ असंही लिहिलेलं असेल तर तो जीव वाचण्यापुरता आकडा आहे, झोपेचा नव्हे. दुकानात बहुतेकदा छोटा आकडा ठळक छापलेला असतो. निवड नेहमी कम्फर्टवरून करा.

पण माझा संशय तुमच्या खालच्या गादीवर जास्त आहे. अंगाखाली दबलेला बॅगेचा भाग ऊब धरत नाही आणि जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेते. नुसत्या हवेच्या फुगीर गादीत आतली हवा फिरत राहते, त्यामुळे ती मऊ असली तरी थंडच. मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ असते, म्हणजे मॅट उष्णता किती अडवते त्याचा आकडा. २ पेक्षा कमी असेल तर ती उबदार रात्रींपुरती, थंडीसाठी ४ किंवा जास्त हवी. दोन मॅट एकावर एक घातल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून फोमची साधी पातळ मॅट खाली घालणं हा सगळ्यात सोपा उपाय. आणि झोपताना दिवसभराचे कपडे बदला, घामाने ओलसर झालेला बनियन रात्री गारठवतो.

पाऊस आला तर शेगडी तंबूच्या तोंडाशी घेऊन चहा करता येईल ना? पडवीसारखी जागा आहे आमच्या तंबूला.

नाही, आणि यात मी तसूभरही सूट देणार नाही. शेगडी, कोळसा, बार्बेक्यू काहीही तंबूत किंवा त्या पडवीत आणायचं नाही. आग लागण्याची भीती तर आहेच, पण त्याहून मोठी भीती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, आणि माणूस थकवा समजून आडवा होतो. बार्बेक्यू विझल्यासारखा दिसला, निखाऱ्यांवर राख धरली, तरी तासन्तास तो हा वायू सोडत असतो. ‘थोडी ऊब येईल’ म्हणून तो तंबूत आणून झोपलेली माणसं पुन्हा उठलेली नाहीत. पावसासाठी शेडची जागा आधीच ठरवा, नाहीतर चारी बाजूंनी उघडं राहील असं वेगळं छत बांधा. पाऊस विजांसह आला तर तंबूचा आसरा धरू नका. पक्की इमारत किंवा लोखंडी टपाची बंद गाडी गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा.

दर वेळी आम्ही दोघी-तिघीच स्वयंपाक आणि भांडी करतो. बाकीचे ‘काही मदत लागली तर सांगा’ म्हणतात. सांगायचा कंटाळा आलाय. यंदा कसं टाळू?

‘सांगा’ म्हणणाऱ्याला मदत करायची इच्छा असते, पण काय करायचं ते शोधण्याचं काम तो तुमच्यावरच टाकतो. म्हणून सांगायची वेळच येऊ देऊ नका. निघण्याच्या आठवडाभर आधी कागद करा : शुक्रवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत जेवणं किती, चहा-नाश्ता किती, पाणी भरणं, कचरा, स्वच्छतागृहातला साबण-कागद बघणं. प्रत्येक कामाला दोघांची जोडी. नवरा-बायकोची जोडी लावू नका, तिथे काम पुन्हा एकीकडेच झुकतं. एक मोठं आणि एक मूल ही जोडी मला फार आवडते. दहा वर्षांचं मूल पाण्याचं खातं मन लावून सांभाळतं आणि कॅन अर्ध्यावर आला की ओरडून सांगतं. ज्यांनी रांधलं त्यांनी त्या जेवणाची भांडी घासायची नाहीत.

कागद छापून शेडच्या खांबाला लावा, फोनमध्ये ठेवू नका. आणि तुमची पाळी नसेल तेव्हा ओट्यापाशी जाऊ नका. हे तुम्हाला जड जाईल, मला कल्पना आहे. भात जरा लागला तरी बसून राहा.

परतताना तंबू ओलाच गुंडाळावा लागतो. घरी सुकवायला जागा नाही. काय करावं?

तंबू आतूनही ओला होतो, ते नुसतं पावसाचं पाणी नसतं. रात्रभराच्या श्वासाची वाफ थंड कापडावर धरते. झरोके थोडे उघडे ठेवलेत तर ती बरीच घटेल. तंबूखालची चादर कडेने बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पाऊस तिच्यावर साचून तंबूखाली शिरतो. कडा आत दुमडा.

निघण्याच्या दिवशी बाकी सगळं आवरा आणि तंबू शेवटी काढा. बाहेरचं कापड आधी झटकून कोरड्या फडक्याने पुसा आणि आतल्या तंबूपासून वेगळ्या पिशवीत भरा. घरी पोचल्यावर ते त्याच रात्री पिशवीतून काढाच. गॅलरीचा कठडा, दोन दारं, अंघोळीच्या पडद्याचा दांडा, जिथे जमेल तिथे एकेक भाग आळीपाळीने टाका. दोन-तीन दिवस ओला दाबून राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. खुंट्याही पुसून, मोजून ठेवा. कमी भरल्या तर तेव्हाच आणून टाका.