इस्रायलमध्ये सगळे ज्यूच, मग पंथांवरून एवढे वाद का? आणि सरकार त्यात कशाला पडतं?

तुम्ही विचारलंय की देश ज्यूंचा, बहुसंख्य लोक ज्यू, मग ऑर्थोडॉक्स (जुने नियम काटेकोर पाळणारे), रिफॉर्म (सुधारणावादी) आणि कॉन्झर्व्हेटिव्ह (या दोहोंच्या मधले) हे पंथ एकमेकांशी भांडतात कशावरून आणि त्यात सरकारचं काय काम. मी ठाण्याची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी; लग्नानंतर इस्रायलला आले, अश्दोद शहरात राहते. उत्तर माझ्या घरातूनच देते.

माझ्या मुलाचं लग्न सायप्रसमध्ये, लार्नाकाच्या नगरपालिकेत लागलं. हौस म्हणून नव्हे. सुनेचे वडील ज्यू, आई ज्यू नाही. ते कुटुंब युक्रेनहून आलेलं. 1950 चा परतीचा कायदा 1970 मध्ये बदलला, तेव्हापासून ज्यूंच्या मुलांनाच काय, नातवंडांनाही नागरिकत्व मिळतं. तसं तिलाही मिळालं. ती सैन्यात राहून आली, हिब्रू माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. पण हलाखा, म्हणजे आमचं धर्मशास्त्र, वंश आईकडून धरतं, आणि इथे ज्यूंची लग्नं लावायचा अधिकार 1953 च्या कायद्याने ऑर्थोडॉक्स रब्बीनेटकडे, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) सरकारमान्य संस्थेकडे आहे. भारतात 1954 पासून स्पेशल मॅरेज ॲक्ट आहे; दोघं कुठल्याही धर्माची असोत, रजिस्ट्रारकडे जाऊन लग्न करता येतं. इस्रायलमध्ये असा कायदाच नाही. परदेशात लग्न करून आलात तर मात्र सरकार नोंद करून घेतं. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवून दिलं. म्हणून सायप्रसची विमानं नवरा-नवरीने भरतात.

मेंदी आम्ही घरीच केली. मलिदा, म्हणजे आमचा गोड पोह्यांचा प्रसाद केला, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेतलं, सुनेच्या हाताला मेंदी लावताना माझ्या नणंदेने जुनं मराठी गाणं म्हटलं. चार दिवसांनी विमानतळावर.

आता पंथांचा भाग यात कुठे येतो ते बघा. अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी 1983 मध्ये ठरवलं की आई किंवा वडील, कोणीही एक ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढलं असेल, तर ते ज्यू. तसं वाढलेली मुलगी त्यांच्या दृष्टीने ज्यू, परतीच्या कायद्याने नागरिक, आणि रब्बीनेटच्या दारात परकी. पंथांची भांडणं जगभर आहेत. न्यूयॉर्कमध्ये रिफॉर्म माणूस एका सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाला जातो, ऑर्थोडॉक्स शेजारी दुसऱ्या, आणि विषय तिथे संपतो. इथे शिक्का एकाच्याच हातात आहे, म्हणून दुसऱ्याच्या घरातलं लग्न अडतं.

हा शिक्का आला कुठून? तुर्कांच्या राज्यात प्रत्येक धर्माच्या लग्न-घटस्फोटाचा कारभार त्या त्या धर्माच्या न्यायालयांकडे असे. इंग्रजांनी तीच घडी ठेवली आणि 1921 मध्ये दोन मुख्य रब्बींची पदं आली, एक अश्केनाझी (युरोपीय वळणाच्या ज्यूंचा), एक सेफार्डी (मूळ स्पेनच्या आणि पूर्वेकडच्या ज्यूंचा). मग 1947 च्या जूनमध्ये बेन-गुरियन (पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान) यांच्या सहीचं एक पत्र कर्मठांच्या अगुदात इस्राएल या संघटनेला गेलं. शनिवारी सुट्टी, सरकारी स्वयंपाकघरांत कोशर, म्हणजे धर्मनियमांप्रमाणेचं अन्न, विवाह धर्माच्या हाती, आणि कर्मठांच्या शाळा त्यांच्या ताब्यात, असा त्याचा मथितार्थ. राष्ट्र जन्माला यायचं होतं, तेव्हा आपसात फूट नको होती. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या टेबलावर रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह नव्हतेच. त्यांचं मोठं बळ अमेरिकेत होतं आणि आजही आहे. इस्रायलमधल्या निधर्मी माणसालाही सिनेगॉग म्हटलं की ऑर्थोडॉक्सच आठवतं, मग तो तिथे वर्षातून एकदा का जाईना.

आम्हा कोकणातल्या ज्यूंना हे पंथ माहीत नव्हते असं मात्र समजू नका. रिफॉर्म चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत उभी राहिली, आणि 1925 मध्ये मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्यूइश रिलिजस युनियन ही त्याच वळणाची संस्था सुरू करण्यात पुढाकार घेतला. त्या बेने इस्रायलच, स्त्रीरोगतज्ज्ञ, पुढे पद्मश्री मिळालेल्या. त्या युनियनचं सिनेगॉग रोडेफ शालोम. माझी आजी सिनेगॉगला मशीद म्हणायची आणि ठाण्याच्या मशिदीत ऑर्थोडॉक्स रीतच पाळायची, पण रोडेफ शालोमच्या घरातली मुलगी सून म्हणून आणायला तिची कधीच ना नव्हती. कोणाच्या लग्नावर कोणाचा शिक्का हवा, हा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आमच्या लोकांना इकडे आल्यावर भेटला. 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या काळात निर्देश निघाले की बेने इस्रायलपैकी कोणी बाहेरच्या ज्यूशी लग्न करणार असेल तर आईकडच्या पिढ्या तपासायच्या, आजी-पणजीपर्यंत, शक्य तितक्या मागे. कारण असं दिलं गेलं की कोकणात शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटून राहिल्यामुळे घटस्फोटाचे नियम पाळले गेले नसतील. विचार करा, तेल गाळून पोट भरणारी, शनिवारी घाणा बंद ठेवते म्हणून गावाने जिला शनवार तेली म्हटलं, अशी आमची जमात. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळला म्हणून जिचं नाव पडलं, तिला तू ज्यू आहेस का हे इथे विचारलं गेलं! आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, बायका-मुलांसकट. 1964 च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि त्यानंतर रब्बीनेटने निर्देशांतून आमचं नाव काढलं. संसदेला मध्ये पडावं लागलं, कारण अधिकार संसदेनेच दिला होता. तुमच्या ‘सरकार कशाला’ या प्रश्नाचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

ऑर्थोडॉक्स बाजू मी तुच्छ मानत नाही. माझा धाकटा भाऊ येशिवात, म्हणजे धर्मपाठशाळेत शिकला, शब्बाथला फोनला हात लावत नाही. त्याचं म्हणणं असं की धर्मांतर आणि घटस्फोट यांचे नियम प्रत्येकाने आपापले केले, तर दोन पिढ्यांत एका ज्यूला दुसऱ्याच्या घरात मुलगी देता येणार नाही. नीट गेट, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे घटस्फोट, न घेतलेल्या बाईला पुढे दुसऱ्या ज्यू पुरुषापासून मूल झालं तर हलाखात त्या मुलावर कायमचा डाग बसतो, आणि तो कुठल्याही संसदेला पुसता येत नाही. ही भीती खरी आहे. मी त्याला एवढंच सांगते, की तुझा नियम तू पाळ, पण पोलीस कशाला हवेत? 2018 मध्ये हैफात एका कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बींना पहाटे घरातून चौकशीला नेलं. रब्बीनेटबाहेर लग्न लावलं, हा आरोप. त्या दिवशी माझा भाऊसुद्धा गप्प होता.

कोटेलचं, म्हणजे पश्चिम भिंतीचं, दुखणं वेगळं वाटतं पण मूळ तेच. दर हिब्रू महिन्याच्या पहिल्या दिवशी काही स्त्रिया तिथे तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ वाचायला जातात, 1988 पासून, आणि शिव्या खातात. 2016 च्या जानेवारीत सरकारने स्त्री-पुरुषांच्या एकत्र प्रार्थनेसाठी भिंतीच्या दक्षिण भागात रीतसर जागा मंजूर केली. 2017 च्या जूनमध्ये कर्मठ पक्षांच्या दबावाखाली तो निर्णय गोठवला. आघाडीचं सरकार टिकवायला ती मतं लागतात, अमेरिकेतल्या रिफॉर्म ज्यूंना इथे मत नाही.

बदल येतो तो बहुधा न्यायालयातून. 2021 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने इस्रायलमध्ये झालेली रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह धर्मांतरं नागरिकत्वासाठी मान्य केली. लग्नासाठी नाहीत, तो अधिकार अजून रब्बीनेटचाच. सूनबाईने मला विचारलं होतं, आई, मी तसं धर्मांतर केलं तर? मी म्हटलं, मनापासून वाटत असेल तर कर, कागदासाठी करू नकोस, कारण लग्नाचा कागद त्याने मिळणार नाही.

नात आता तीन वर्षांची आहे. शुक्रवारी दिवे लावताना माझ्यासारखीच डोळ्यांवर हात धरते आणि बोटांच्या फटीतून बघते. आज रब्बीनेटकडे गेले तर आईमुळे तिचंही नाव बाहेरच्या यादीत. तिचं लग्न जमेपर्यंत वीस-पंचवीस वर्षं आहेत. तोवर तिला अश्दोदमध्येच, आमच्या घराजवळ, लग्न करता यावं एवढं मी दर शुक्रवारी मागते.