कोनी कंसात लिहिलं, तरी माझीच टाइम.एच का?

प्रश्न : मी कराडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कराड-सातारा एसटीच्या वेळा दाखवणारा प्रोग्रॅम सीमध्ये लिहिलाय. वेळापत्रकाचं स्ट्रक्चर टाइम.एच नावाच्या माझ्या फाइलमध्ये आहे. घड्याळातली वेळ हवी म्हणून इन्क्लूडच्या ओळीत कोनी कंसात (< >) टाइम.एच लिहिलं, तर जीसीसी हा कंपायलर ‘लोकलटाइम’ हे वेळेचं फंक्शन ओळखतच नाही. कंपाइल करताना -आय (फाइली कुठल्या फोल्डरमध्ये शोधायच्या ते सांगणारा पर्याय) आणि टिंब देतो. कोनी कंस म्हणजे सिस्टिमचीच फाइल ना?

उत्तर : नाही रे, गल्लत तिथंच झाली. नाव अवतरणचिन्हांत असेल तर जीसीसी आधी त्या फाइलच्या शेजारी, तिच्याच फोल्डरमध्ये बघतो. कोनी कंसात असेल तर ती पायरी सोडतो. पुढची रांग बहुतेक एकच : तू -आयने दिलेले फोल्डर आधी, मग त्याचे नेहमीचे. टिंब देऊन तू चालू फोल्डरच पुढे उभा केलास. माझ्या विश्रामबागेतल्या वर्गात ‘पाटील’ म्हणून हाक मारली की पहिल्या बाकावरचा उठतो, मला शेवटचा हवा असला तरी. कंपायलरही पहिली सापडेल ती फाइल उचलतो, आत काय आहे हे बघून निवडत नाही.

हे तुझ्या एका ओळीपुरतं नाही. उद्या थ्रेडसाठीची पीथ्रेड.एच घेतलीस, तर लिनक्सवर ती स्वतःच टाइम.एच मागवते आणि तिच्याही हाती तुझं वेळापत्रक पडेल. मग चूक दिसते ती तू न लिहिलेल्या फाइलमध्ये! पहिल्या नोकरीत अशाच एका स्ट्रिंग.एचपायी माझे दोन दिवस गेले, म्हणून कळकळीनं सांगते : नाव बदल. एसटीवेळ.एच ठेव.

रांग बघायची असेल तर रिकाम्या सी फाइलवर -ई (मोठी) आणि -व्ही (लहान) देऊन जीसीसी चालव. उबुंटूवर आधी जीसीसीचा स्वतःचा फोल्डर येतो, /यूएसआर/इन्क्लूड शेवटी. स्टडडेफ.एच आणि स्टडआर्ग.एच त्या पहिल्या फोल्डरमध्ये असतात. साइझ_टी (आकार मोजायचा पूर्णांक प्रकार) केवढा, फंक्शनला कितीही आर्ग्युमेंट्स आली तर ती कशी उचलायची, हे कंपायलरलाच ठाऊक. स्टडआयओ.एच मात्र सी लायब्ररीबरोबर येते. सी भाषेच्या १९८९ च्या मानकातही ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या यंत्रांसाठी चारच हेडर (अशा .एच फाइली) सक्तीचे होते : स्टडडेफ.एच, स्टडआर्ग.एच, शिवाय लिमिट्स.एच आणि फ्लोट.एच. कंपायलर आणि लायब्ररी यांच्यातली ही वाटणी मला फार सुंदर वाटते.

नाव बदलण्याआधी एकदा -एच (मोठा) देऊन कंपाइल कर. उचललेल्या प्रत्येक फाइलचा पत्ता छापून येईल. टाइम.एचच्या आधी /यूएसआर नसेल, नुसतं टिंब आणि तिरकी रेघ असेल.