विधिमंडळ गट ‘विलीन’ होतो म्हणजे नक्की काय होतो?

गोव्यातल्या साखळीहून एका कॉलेजातल्या मुलानं विचारलंय. घरी टीव्हीवर कुठलीतरी जुनी क्लिप चालली होती, खाली पट्टी होती ‘काँग्रेस विधिमंडळ गट भाजपात विलीन’, आणि आजोबा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, विलीनीकरण ६७ सालीच पडलं ना रे, आता परत कसलं? पोराचा प्रश्न असा की हे दोन्ही विलीन एकच का, आमदारांसाठी हा शब्द बरोबर आहे का की सरळ पक्षांतर म्हणावं, आणि लिहिताना विलिनीकरण की विलीनीकरण.

शेवटचं आधी उरकतो. ली दीर्घ, दोन्ही ठिकाणी. वकीलचं वकिली होतं म्हणून विलीनचंही विलिनी होईल असं हाताला वाटतं आणि टाइप होऊन जातं, पण विलीन हा तत्सम शब्द, त्याला तो ऱ्हस्वाचा नियम लागत नाही. संस्कृतात ‘जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं’ यासाठी विशेषणाच्या शेवटी ई लावून पुढे करण जोडायची सोय आहे, स्थिरीकरण, शुद्धीकरण, तसंच विलीनीकरण. म्हणजे व्याकरणानंच सांगून ठेवलंय की आधी विलीन नव्हते, नंतर केले.

आता मूळ शब्द. धातू ‘ली’, म्हणजे चिकटणं, विरघळणं, दिसेनासं होणं. लय, विलय, प्रलय, लीन, तल्लीन सगळी याच घरची पोरं. गंमत म्हणजे आलय पण याचंच, म्हणजे ज्या कार्यालयात जाऊन गळ्यात उपरणं घालून घेतात ते कार्यालय आणि तिथे झालेलं विलीन हे एका धातूचे सख्खे भाऊ. विलीन होण्याचा खरा अर्थ असा की जे होतं ते वेगळं उरत नाही. नदी समुद्रात विलीन होते, त्यानंतर समुद्रात जाऊन ही आमची म्हादई, ही तुमची जुवारी असं करता येत नाही. माणूस पंचत्वात विलीन होतो. तो परत येऊन पुढच्या निवडणुकीचं तिकीट मागत नाही.

गोव्यात मात्र या शब्दाचं वजन महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे आणि आजोबा अडखळले ते त्यामुळे. आमच्याकडे ‘विलीनीकरण’ म्हटलं की साठी ओलांडलेल्या माणसाला एकच गोष्ट आठवते, गोवा महाराष्ट्रात जायचा की नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचा मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच त्या मागणीवर उभा राहिलेला. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, विलीनीकरणाची निशाणी फूल आणि वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. घरंच्या घरं यावरून दुभंगली होती, आजही काही घरांत चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे जमले की हा विषय काढत नाहीत. म्हणजे हा शब्द इथे लोकांनी रांगेत उभं राहून, विचार करून, एकतर स्वीकारलेला नाहीतर नाकारलेला आहे. त्यात कोणी काही लपवलं नव्हतं. विलीन झालो तर गोवा वेगळा राहणार नाही हे फुलवाल्यालाही माहीत होतं आणि पानवाल्यालाही, भांडण त्यावरच होतं.

‘कौल’ शब्दाकडे पण बघा जरा. हा अरबी, कौल म्हणजे दिलेला शब्द, वचन. शिवकाळातलं कौलनामा यातलंच. (छपरावरचं मंगळुरी कौल वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) आणि आपल्या देवळांत देवाला कौल लावतात, मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघायचं. हा शब्द पुढे परत लागणार आहे म्हणून इथे ठेवून जातो.

तर हा एवढा जड शब्द आमदारांकडे कसा गेला? कायद्यामुळे. १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती होऊन दहावं परिशिष्ट आलं, तोच पक्षांतरबंदी कायदा. त्यात दोन खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. एक फूट, विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश बाहेर पडले तर ते पक्षांतर नाही. दुसरी विलीनीकरण, त्याला दोन तृतीयांश लागतात. आता नव्वदीतले गोव्यातले पेपर ज्यांनी वाचलेत त्यांना आठवेल, त्या वेळी कोणी विलीन बिलीन होत नसे, सगळे फुटायचे. फुटीर गट, फुटीर आमदार, अमुकबाब फुटले. १९९० ला चर्चिल आलेमाव जेमतेम अठरा दिवस मुख्यमंत्री होते, ९८ ला विली डिसोझांनी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणेबाबांचं सरकार पाडलं ते गोवा राजीव काँग्रेस काढून, पुढच्याच वर्षी सार्दिनबाबांनी गोवा पीपल्स काँग्रेस काढली. नावं बघा, प्रत्येकात काँग्रेस आहेच, जसं मूळ दुकानातून फुटलेल्या भावाच्या दुकानाच्या पाटीवर आडनाव तेच असतं. मग २००३ ला ९१ वी दुरुस्ती आली आणि फुटीची खिडकी बंद केली. उरली एकच, विलीनीकरणाची. आणि त्यानंतर आमचे आमदार फुटायचे बंद झाले, ते विलीन व्हायला लागले. स्वभाव बदलला नाही, शब्द बदलला, कारण आता त्या एकाच शब्दानं आमदारकी वाचते. मला विचाराल तर दहाव्या परिशिष्टानं पक्षांतरापेक्षा मराठीत जास्त फरक घडवला.

याचा हिशोब करून बघा, मजा येते. २७ मार्च २०१९, मध्यरात्र उलटल्यावर मगोच्या ३ पैकी २ आमदारांनी आपला विधिमंडळ गट भाजपात विलीन केला. १० जुलै २०१९, काँग्रेसचे १५ पैकी १०, त्यात विरोधी पक्षनेते स्वतः. १४ सप्टेंबर २०२२, काँग्रेसचे ११ पैकी ८. दोन तृतीयांश काढा, ३ चे २, १५ चे १०, ११ चे ७.३३ म्हणजे किमान ८. तिन्ही वेळा नेमके तेवढेच, एक कमी नाही एक जास्त नाही. असं मोजून मापून विरघळणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही, आमच्या पेडण्यातल्या मिठागरातलं मीठ पण एवढं शिस्तीचं नाही.

आणि मगोचं तर बघा, जो पक्ष जन्माला आला तोच मुळी विलीनीकरणासाठी, ज्याला ते ६७ ला मिळालं नाही, त्याचे आमदार बावन्न वर्षांनी विलीन झाले, पण महाराष्ट्रात नाही, दुसऱ्याच पक्षात. आणि गंमत इथे संपत नाही, २०२२ ला तोच मगो पक्ष सिंह निशाणी घेऊन निवडणुकीला उभा, दोन जागा निवडून पण आणल्या आणि नंतर सरकारला पाठिंबा पण दिला. आता सांगा, विलीन झालेली वस्तू तीन वर्षांनी मतपत्रिकेवर कशी दिसते?

इथेच व्याकरणाची मेख आहे. ‘विलीन’ हे धातुसाधित विशेषण, त्याला कर्ता सांगायची सक्ती नाही. ‘गट विलीन झाला’. कोणी केला? गटानं. गट म्हणजे कोण? जे गेले ते. मग मागे राहिले ते कोण? ‘पक्ष’. कायद्यात मूळ पक्ष आणि विधिमंडळ पक्ष असे दोन वेगळे शब्द आहेत आणि सगळी कोर्टकचेरी या दोघांमधल्या फटीत चालते, मूळ पक्ष जागच्या जागी असताना नुसता आमदारांचा गट विलीन होऊ शकतो का. २४ फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं २०१९ च्या बारा जणांविरुद्धच्या अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. कायद्याचं कायदेवाले बघतील. भाषेच्या बाजूनं माझं म्हणणं एवढंच की साखरेचं पाकीट फडताळात तसंच असताना साखर चहात विलीन झाली असं आपण म्हणतो ते ठीक, त्यातली दोन चमचे गेली. पण पाकीट विरघळलं असं कोणी म्हणत नाही.

‘पक्षांतर’ मग बरोबर का? हो, आणि चांगला शब्द आहे. अंतर म्हणजे इथे फरक नाही, ‘दुसरा’. भाषांतर दुसरी भाषा, देशांतर दुसरा देश, पक्षांतर दुसरा पक्ष. संस्कृतात वादातली दुसरी बाजू, दुसरा पर्याय असाही अर्थ होता, तो आता कोणी वापरत नाही. पक्ष म्हणजे पंख पण, आणि पंधरवडा पण. १९६७ सालीच, इथे जनमत कौल झाला त्याच वर्षी, तिकडे हरियाणात गया लाल नावाचे आमदार एका पंधरवड्यात तीनदा इकडचे तिकडे झाले आणि आयाराम गयाराम जन्माला आला. म्हणजे एका पक्षात तीन पक्ष! त्यानंतर केंद्रानं पक्षांतरावर समिती नेमली तिचे अध्यक्ष आपले यशवंतराव चव्हाण होते, तरी मराठीला स्वतःचा आयाराम सुचला नाही, हिंदीतलाच घेतला. आपल्याकडे ‘जिकडे पोळी तिकडे गोंडा घोळी’ होतंच की. पण म्हण बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

बाकीचे शब्द पटकन. फुटीर आणि फितूर एक समजू नका, फितूर अरबी-फारसीतून आलेला, फुटीर आपल्या फुटण्यातला, नुसते आवाजानं जवळ. ‘स्वगृही परतले’ मधला स्वगृही ज्योतिषातही आहे, ग्रह स्वगृही असला की बलवान, त्यामुळे परत येणाऱ्याला आपोआप तेज चढतं. आणि सगळ्यात लबाड शब्द ‘पक्षप्रवेश’. गृहप्रवेश, शाळाप्रवेश, मंगल काम. यात सोडल्याचा उल्लेखच नाही. सोडलेल्या पक्षाला वाक्यात जागाच नाही, जणू गृहस्थ आजवर रस्त्यावर उभे होते.

आता तो कौल. २०२२ च्या निवडणुकीआधी जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीत महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. सप्टेंबरात आठ जण गेले तेव्हा त्यांच्यातले माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांना पत्रकारांनी त्या शपथेचं विचारलं, तर ते अशा अर्थाचं बोलले की मी देवळात जाऊन देवाला विचारलं, देव म्हणाला तुला बरं वाटतं ते कर. लोक हसले. पण शब्दाच्या दृष्टीनं बघा, शपथ म्हणजे कौल, दिलेला शब्द, आणि त्यातून सुटायला परत देवाचाच कौल. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर घालून बाजू वाचवली, याला मी तरी भाषाप्रभुत्व म्हणतो. मतदारांनी फेब्रुवारीत दिला तोही कौलच होता, पण त्याला कोणी परत विचारायला गेलं नाही.

लोक काय म्हणतात ते सांगतो. आमच्या वाड्यावर कोणी विलीन म्हणत नाही, पक्षांतर पण नाही. ‘उडी मारली’ म्हणतात, कोकणीत ‘उडकी मारली’, संपलं. पहाटे पोदेर (पाववाला) पाव देताना म्हणतो, मारली मरे उडकी! त्या शब्दात सगळं येतं, कुठून, कुठे, आणि पाय घसरायची शक्यता पण. आमच्या तिठ्यावर एक बॅनर आहे. आमचा पंच, म्हणजे पंचायत सदस्य, त्याचा. पंचायतीच्या निवडणुकीत पक्ष नसतात त्यामुळे त्याला पक्षांतरबंदीची धास्तीच नाही, तो आपला आमदार जाईल तिकडे. २०२२ ला चवथीचा बॅनर लागला होता, ३१ ऑगस्टची चवथ, वर जुन्या नेत्यांचे फोटो, कोपऱ्यात निशाणी, खाली हा हात जोडून. पंधरा दिवसांत वरचे सगळे विलीन झाले. नवीन बॅनरला खर्च नको म्हणून त्यानं जुन्यावरच नव्या नेत्यांचे नि नव्या निशाणीचे स्टिकर मारले, स्वतःचा फोटो तसाच, जोडलेले हात तसेच, फक्त चवथीच्या जागी दिवाळी. ऑक्टोबरातल्या एका पावसात निशाणीवरच्या स्टिकरचं टोक सुटलं आणि खालून जुन्या निशाणीची दोन बोटं दिसायला लागली. महिनाभर तशीच होती. रोज स्टॉपवर उभा राहून मी ती बघायचो आणि मला वाटायचं, हे विलीन नाही, याला आपल्याकडे साधा शब्द आहे, चिकटवलेलं. ‘ली’ धातूचा पहिला अर्थ पण तोच, चिकटणं. म्हणजे एका हिशोबानं पेपरवाले बरोबरच लिहितात की!

तर बाळा, परीक्षेत पक्षांतर लिही, बातमीत विलीन आलं तर ‘गट’ शब्दाकडे नीट बघ, आणि ली दीर्घ काढ. आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी ६७ ला फुलावर मारला होता की दोन पानांवर ते विचारून बघ, सांगितलं तर मला कळव. माझ्या आजोबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, आजीला सुद्धा नाही.