परसातले गावरान कोंबडे जास्त झालेत, विकावेत की घरी खावेत?

तरुण कोंबडे विका आणि अंडी बंद झालेल्या म्हाताऱ्या कोंबड्या घरच्या रश्श्याला ठेवा. आमच्या परसात कायम कोंबड्या असतात, त्या अनुभवावरून सांगते. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. नुसत्या अंड्यांसाठी तोही लागत नाही. जास्तीचे नर आपसात झुंजतात, माद्यांच्या पाठीची पिसं उपटतात. पाच-सहा महिन्यांचा, तुरा लालभडक झालेला कोंबडा गटारीच्या आधी विकायला काढा, तेव्हा गिऱ्हाईक दारात येतं. श्रावण लागला की मागणी बसते. आणि वजन करूनच भाव ठरवा. म्हातारीला बाजारात कोणी विचारत नाही, पण मंद आचेवर निवांत शिजवली तर तिच्या रश्श्याला तोड नाही. फक्त कापण्याआधी शेपटीखालची दोन हाडं चाचपा: मध्ये दोन-तीन बोटं बसली तर ती अजून अंड्यावर आहे. खुडूक, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसलेली असेल तर हाडं जवळ आलेली लागतात, तिला थोडे आठवडे द्या. मात्र औषध चालू असलेला पक्षी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत विकूही नका, खाऊही नका.